परंपरेचे वारस आणि रोमची आज्ञा



विरोधकाचा बंदोबस्त करणे कोणत्याही सत्तेला फारसे अवघड जात नाही. त्यासाठी कायदे असतात, शिक्षा असतात, आणि अखेरीस हद्दपारीही असते. परंतु सत्तेच्याच कालच्या हुकमावर बोट ठेवून तिच्या आजच्या हुकमाला नकार देणारा निष्ठावंत जेव्हा समोर उभा राहतो, तेव्हा त्याचे काय करावे हा प्रश्न भल्याभल्या संस्थांना सुटलेला नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ उभा आहे. ज्यांना आपण परंपरावादी कॅथलिक म्हणतो, त्या मंडळींचे ख्रिस्तसभेतील स्थान नेमके काय, ती आत आहेत की बाहेर, आणि आत असतील तर कोणत्या हक्काने, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मराठी श्रोत्यापुढे हा विषय मांडताना आरंभीच एक सावधगिरी घेतली पाहिजे. लॅटिन विरुद्ध लोकभाषा असा वाद आहे असे कानावर पडले, की आपल्या मनात संस्कृत आणि प्राकृत यांचा जुना झगडा जागा होतो, ज्ञानेश्वर-एकनाथांचे स्मरण होते, आणि लोकभाषेची बाजू घेऊन आपण क्षणात निकाल देऊन मोकळे होतो. हा निकाल घाईचा आहे. ज्या काळी गोव्यात आणि वसईत वेदीवरची मिस्सा, म्हणजे ख्रिस्तसभेची मुख्य उपासना, पूर्णपणे लॅटिनमध्ये होत होती, त्याच काळी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. वेदीवरची लॅटिन आणि भक्तांच्या मुखातील देशभाषा ही दोन्ही आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतून साडेतीन शतके सुखाने नांदली. ज्या आजीला लॅटिनचा एक शब्द उलगडून सांगता आला नसता, तिला मिस्सेच्या कोणत्या क्षणी गुडघे टेकायचे आणि कोणत्या क्षणी मान लववायची हे पक्के ठाऊक होते. तेव्हा, केवळ भाषेचा वाद म्हणून या प्रकरणाकडे पाहू नका, अशी माझी विनंती आहे.

मग वाद कशाचा? १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक घटना मंजूर केली. बाजूने २१४७ मते आणि विरोधी अवघी ४, एवढ्या प्रचंड बहुमताने ती संमत झाली, आणि तिच्यात लॅटिनचा वापर राखावा असेच म्हटले होते. लोकभाषेला अधिक वाव द्यावा एवढीच पुस्ती तिला जोडलेली होती. परंतु पोप सहावे पौल यांनी, म्हणजे १९६४ च्या डिसेंबरात आपल्या मुंबईस येऊन गेलेल्या त्याच पोपमहोदयांनी, १९६९ साली जी नवी मिस्सा प्रसृत केली, तिच्यात भाषेपलीकडचे पुष्कळ बदलले होते. धर्मगुरू आणि भाविक एकाच दिशेने तोंड करून उभे राहत, ते बहुतेक ठिकाणी आता समोरासमोर आले. अर्पणाच्या प्रार्थना नव्याने रचल्या गेल्या. ज्या मध्यवर्ती प्रार्थनेच्या वेळी सारे मंदिर निःशब्द होत असे, ती उच्च स्वरात म्हटली जाऊ लागली, आणि तिला पर्यायी प्रार्थनाही आल्या. नव्या विधीत उणे काही नव्हते, त्याचे धर्मशास्त्रीय समर्थन उत्तम प्रकारे होऊ शकते, आणि कोट्यवधी भाविकांनी तो मनापासून स्वीकारला, हेही येथेच सांगितले पाहिजे. पण चारशे वर्षांच्या वहिवाटीत इतका फेरफार एका सहीनिशी व्हावा, हे कित्येकांना सहन झाले नाही.

आणि ही वहिवाट तरी कशी होती? पोप पाचवे पायस यांनी १५७० साली मिस्सेचा जो ग्रंथ सर्व लॅटिन ख्रिस्तसभेला लागू केला, त्याच्या फर्मानातच दोनशे वर्षांहून अधिक जुन्या स्थानिक विधींना त्यांनी अभय दिले होते. म्हणून मिलानचा विधी टिकला, टोलेडोचा टिकला, डोमिनिकन संघाचा टिकला. एकसूत्रीपणासाठी ज्यांचे नाव घेतले जाते, त्या पोपनेसुद्धा जे जुने आहे ते जुने आहे एवढ्याच कारणाने जगू दिले. १९६९ नंतर मात्र जुन्या विधीला असे अभय मिळाले नाही. वृद्ध धर्मगुरूंनी एकांतात तो करावा, एवढीच काय ती मुभा राहिली. पुढच्या सगळ्या कटुतेचे मूळ मला येथे दिसते. नवे आणले हा दोष नव्हता. जुन्याला जागा ठेवली नाही, हा होता.

प्रारंभीचा विरोध अत्यंत प्रतिष्ठित होता. धर्मसिद्धान्ताच्या खात्याचे अनेक वर्षे प्रमुख असलेले कार्डिनल ओट्टाव्हियानी आणि त्यांच्यासमवेत कार्डिनल बाच्ची यांनी १९६९ च्या सप्टेंबरात नव्या मिस्सेवरील टीकेचे टिपण पोपकडे रवाना केले. १९७१ साली इंग्लंडात लेखक, संगीतकार आणि विद्वान यांनी जुनी मिस्सा वाचवावी असा अर्ज केला. त्यांत कॅथलिक नसलेले पुष्कळ होते, आणि अगाथा ख्रिस्ती यांचीही सही होती. तेथील कार्डिनल हीनन यांनी तो विषय रोमपुढे नेला आणि इंग्लंड व वेल्सपुरती मर्यादित सवलत मिळाली. संस्कृतीचा वारसा म्हणून परक्यांच्या विनंतीवरून जी गोष्ट मिळाली, ती श्रद्धेचा आधार म्हणून स्वकीयांनी मागितली तेव्हा अन्य देशांत मिळाली नाही.

आता या चळवळीच्या सर्वांत मोठ्या पुरुषाकडे वळतो. आर्चबिशप मार्सेल लेफेव्र हे १९०५ साली फ्रान्सच्या उत्तरेस तुर्क्वाँ या गिरणीच्या गावी जन्मले. त्यांचे वडील नाझींच्या बंदिवासात मरण पावले. स्वतः लेफेव्र यांच्या उमेदीचा काळ आफ्रिकेत मिशनरी म्हणून गेला. ते डाकारचे आर्चबिशप झाले, आणि फ्रेंचभाषी आफ्रिकेत पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी ख्रिस्तसभेची घडी बसवली. असा माणूस बंडखोर म्हणून जन्माला येत नसतो. परिषदेच्या अधिवेशनांत ते जुन्या मताच्या बिशपांचे एक प्रमुख होते. निवृत्तीनंतर काही तरुण सेमिनरियन, आम्हांला जुन्या पद्धतीचे शिक्षण द्या, असे म्हणत त्यांच्याकडे आले, आणि १९७० साली फ्रिबुर्गच्या बिशपांच्या रीतसर मंजुरीने दहाव्या पायसच्या नावाचा बंधुसंघ स्थापन झाला. स्वित्झर्लंडच्या व्हॅले परगण्यात एकोन येथे त्यांची सेमिनरी उभी राहिली. १९७४ साली रोमचे तपासनीस तेथे येऊन गेले, आणि त्यांच्या बोलण्याने क्षुब्ध होऊन लेफेव्र यांनी जे निवेदन काढले, त्यात आपण शाश्वत रोमला मानतो, परिषदेतून प्रकटलेल्या नव्या प्रवृत्तींच्या रोमला मानत नाही, अशा आशयाची भूमिका त्यांनी घेतली. १९७५ साली संघाची मंजुरी रद्द झाली. १९७६ च्या जूनमध्ये मनाई असताना त्यांनी तरुणांना गुरुदीक्षा दिली, आणि त्यांना धर्मकार्यातून निलंबित करण्यात आले.

श्रोतेहो, येथे मी जरा थांबतो, कारण माझ्या प्रतिपादनाचा गाभा येथे आहे. लेफेव्र यांच्या मागण्या दोन होत्या, आणि त्या एकाच जातीच्या नव्हत्या. एक मागणी उपासनेची: आम्हांला आमच्या पूर्वजांची मिस्सा करू द्या. दुसरी सिद्धान्ताची: परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयी, इतर ख्रिस्ती पंथांविषयी आणि इतर धर्मांविषयी जे शिकवले, ते मागे घ्या. पहिली मागणी न्याय्य होती असे मला वाटते. दुसरी न्याय्य नव्हती, आणि हे मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

परिषदेच्या ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणेने प्रत्येक मनुष्याला धर्माच्या बाबतीत राज्याच्या सक्तीपासून मुक्त असण्याचा हक्क आहे असे सांगितले. लेफेव्र यांना ही एकोणिसाव्या शतकातील पोपांच्या शिकवणुकीची प्रतारणा वाटली. राज्यसत्तेने सत्यधर्माला खास स्थान द्यावे आणि असत्याला फार तर सहन करावे, हीच त्यांची धारणा होती. युरोपात, जेथे कॅथलिक राजे आणि कॅथलिक प्रजा होती, तेथे ही धारणा कित्येकांना सुसंगत वाटली असेल. पण वसईच्या किंवा पालयंकोट्टईच्या ख्रिस्ती माणसाने ती कशी पत्करावी? ज्या देशात तो मूठभर आहे, तेथे त्याचे मंदिर, त्याची शाळा आणि त्याच्या मुलाचा स्नातसंस्कार राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या छायेत सुरक्षित आहेत. बहुसंख्य असू तेथे विशेषाधिकार आणि अल्पसंख्य असू तेथे समान स्वातंत्र्य, असा दुहेरी हिशेब कोणत्याही विवेकी माणसाला मान्य होणार नाही. परिषदेने हा हिशेब मोडला, आणि त्याबद्दल भारतातील प्रत्येक ख्रिस्ती माणसाने तिचे ऋणी असावे.

दुर्दैव असे, की या दोन मागण्यांची गाठ दोन्ही पक्षांनी मारून ठेवली. लेफेव्र म्हणत, नवी मिस्सा हे नव्या सिद्धान्ताचेच रूप आहे. आणि रोमचे अधिकारी म्हणू लागले, ज्याला जुनी मिस्सा हवी त्याने आधी आपण परिषद मानतो हे सिद्ध करावे. ज्या साध्या भाविकाला सिद्धान्ताच्या वादात काडीचाही रस नव्हता, ज्याला केवळ आपल्या आजोबांप्रमाणे प्रार्थना करायची होती, तो या गाठीत सापडला.

१९८८ साली ही गाठ सुटण्याच्या बेतात होती. ५ मे रोजी लेफेव्र आणि रोमच्या वतीने बोलणी करणारे कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांच्यामध्ये तहनामा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी लेफेव्र यांनी त्यातून अंग काढून घेतले. बिशप नेमण्याची तारीख रोम पुढे ढकलीत आहे आणि आपण तर ऐंशीच्या घरात आलो, या शंकेने त्यांना ग्रासले होते. ३० जूनला, पोपच्या सनदेवाचून, त्यांनी चार धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. ब्राझीलमधील काम्पोसचे निवृत्त बिशप कास्त्रो मायर त्यांच्या जोडीला उभे होते. सहाही जण बहिष्कृत ठरले. पोपच्या संमतीवाचून बिशप करणे हा कॅथलिक व्यवस्थेतील सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक, कारण बिशपांची साखळी हाच त्या व्यवस्थेचा कणा आहे. परंपरेच्या रक्षणासाठी परंपरेचाच सर्वांत जुना धागा त्यांनी तोडला, असे मला खेदाने म्हणावे लागते.

परंतु लगेच पुढच्या जुलै महिन्यात दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. लेफेव्र यांच्या संघातील बारा धर्मगुरू आणि काही सेमिनरियन आपल्या गुरूला सोडून पोपकडे परतले, आणि त्यांनी संत पेत्राच्या नावाचा बंधुसंघ काढला. ज्याने आपल्याला घडवले त्याच्याकडे पाठ फिरवणे, मित्रांचा रोष पत्करणे, आणि केवळ पोप दुसरे जॉन पॉल यांच्या शब्दावर विसंबून रिकाम्या हाताने बाहेर पडणे, याला केवढे धैर्य लागले असेल! त्यांना आश्वासन मिळाले, की जुनी मिस्सा तुमच्याकडून काढून घेतली जाणार नाही.

आता स्थानाचा प्रश्न. तो आत की बाहेर अशा दोन शब्दांत सुटत नाही, कारण कॅथलिक धर्मकायदा संस्कार प्रत्यक्ष घडला की नाही हे एका तराजूत तोलतो आणि तो करण्याचा अधिकार होता की नाही हे दुसऱ्या. दहाव्या पायसच्या संघातील धर्मगुरूने केलेली मिस्सा खरी मिस्सा आहे, हे रोमने कधीही नाकारले नाही. ती करण्याचा परवाना त्याच्याकडे नाही, एवढेच रोमचे म्हणणे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा, पीक काढणारा, पण सातबाराच्या उताऱ्यावर नाव नसलेला शेतकरी आपण पाहिलेला आहे. या संघाची अवस्था बरीचशी तशी आहे. सातशेहून अधिक धर्मगुरू, अनेक खंडांतील शाळा आणि मठ, आणि दप्तरी मान्यता नाही. याच्या पलीकडे एक अगदी वेगळा वर्ग आहे: १९५८ साली पोप बारावे पायस वारले, तेव्हापासून पोपचे आसन रिकामेच आहे असे मानणारा. तो स्वतःच बाहेर पडला आहे, त्याच्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. आणि अलीकडे, पूर्णपणे आत, संत पेत्राचा संघ आहे, १९९० साली निघालेली ख्रिस्तराजाची संस्था आहे, आणि सामान्य धर्मग्रामांत जुनी मिस्सा मागणारे असंख्य भाविक आहेत. या सर्वांना एकाच नावाने हाक मारणे आणि एकाच काठीने हाकणे, ही या विषयातील नित्याची चूक आहे.

पुढील इतिहास मी भरभर सांगतो. २००७ च्या जुलैमध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी, जुनी मिस्सा कायद्याने कधी रद्द झालीच नव्हती असे सांगून, कोणत्याही धर्मगुरूला ती करण्याचा मार्ग खुला केला. मागच्या पिढ्यांना जे पवित्र होते ते आपल्यालाही पवित्रच आहे, हा त्यांच्या सोबतच्या पत्राचा आशय होता. मुभेचे रूपांतर हक्कात झाले. २००९ च्या जानेवारीत त्यांनी चार बिशपांवरील बहिष्कार उठवला, आणि त्याच सुमारास त्यांच्यापैकी विल्यमसन यांची, ज्यूंच्या संहाराची सत्यता नाकारणारी मुलाखत जगापुढे आली. हा केवळ एका माणसाचा विकृतपणा होता, असे म्हणून परंपरावाद्यांनी हात झटकणे मला पुरेसे वाटत नाही. ज्यूंविषयीची परिषदेची शिकवण ज्या वर्तुळात तीस वर्षे संशयास्पद मानली गेली, त्या वर्तुळात असले विष इतकी वर्षे कसे खपले, याचा जाब त्यांनी स्वतःलाच विचारायला हवा होता. संघाने त्यांना २०१२ साली काढून टाकले. बेनेडिक्ट यांनी २००९ च्या मार्चमध्ये सर्व बिशपांना पत्र लिहून खुलासा केला, की बहिष्कार व्यक्तींवरचा उठला आहे. सिद्धान्ताचा प्रश्न मिटत नाही तोवर संघाला ख्रिस्तसभेत दर्जा नाही.

नंतर पोप फ्रान्सिस आले. त्यांनी २०१५ साली, करुणेच्या वर्षानिमित्त, या दर्जाहीन संघाच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला, पुढच्या वर्षी तो कायम केला, आणि २०१७ साली त्यांच्याकडील विवाहांनाही कायदेशीर वाट करून दिली. भाविकाचा आत्मा अधिकाऱ्यांच्या भांडणात अडकू नये, ही त्यामागची दृष्टी खरोखर उदार होती. परंतु त्याच पोपमहोदयांनी १६ जुलै २०२१ रोजी बेनेडिक्ट यांची व्यवस्था मोडीत काढली. नवा ग्रंथ हाच रोमन विधीच्या उपासनेचा एकमेव आविष्कार ठरला. धर्मग्रामाच्या मंदिरांत जुनी मिस्सा नको, तिच्यासाठी नवे धर्मग्राम नकोत, आणि नव्याने दीक्षित झालेल्या धर्मगुरूला ती करायची असेल तर बिशपने रोमचा विचार घ्यावा, असे निर्बंध आले. जुन्या मिस्सेच्या आडून परिषदच नाकारली जात आहे, हे त्यांनी दिलेले कारण. आणि तसे करणारे लोक होते, हे मी नाकारीत नाही.

पण या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ काय झाला, ते पाहा. ज्यांनी आज्ञा मोडली, परवानगीवाचून मंदिरे उभारली आणि बिशप केले, त्यांच्या वेदीवर काहीच फरक पडला नाही. उलट त्यांना सवलती मिळाल्या. ज्यांनी आज्ञा पाळली, बिशपकडे रीतसर अर्ज केले, धर्मग्रामाच्या मंदिरात शेजाऱ्यांबरोबर राहिले, त्यांना मंदिराबाहेर जाण्यास सांगितले गेले. संत पेत्राच्या संघाला २०२२ च्या फेब्रुवारीत पोपनी आपल्या सहीने जुने ग्रंथ वापरण्याची अनुमती पुन्हा दिली, हे खरे. पण साध्या धर्मग्रामातल्या साध्या कुटुंबाला तसा कागद कोण देणार? एका पोपने दिलेला शब्द दुसऱ्या पोपने परत घ्यावा, आणि त्याची किंमत त्या शब्दावर विश्वासलेल्यांनी मोजावी, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. पोपचा अधिकार मी लहान मानतो, म्हणून हे म्हणत नाही. तो मोठा मानतो, म्हणूनच म्हणतो.

दर्जाचे असे तंटे आपल्या मुंबईने पूर्वी पाहिलेले आहेत. १८३८ साली रोमने पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील व्यवस्थेच्या, धर्मगुरूंचा अधिकार संपवला, त्यांनी तो हुकूम मानला नाही, आणि त्यांना धर्मफुटीचे अपराधी म्हटले गेले. मुंबईच्या ख्रिस्ती लोकांवर दोन सत्ता चालू राहिल्या. शेजारच्या दोन मंदिरांतील माणसे दोन वेगळ्या बिशपांना मानीत. १८८६ च्या करारात पोर्तुगालचा अधिकार पुष्कळ आकुंचित झाला, तेव्हा त्या निष्ठेत वाढलेले गोव्याचे फादर आल्व्हारिस दुखावून सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेकडे गेले आणि १८८९ साली तेथे बिशप झाले. ते परतले नाहीत. पण उरलेला तंटा वाटाघाटींनी मिटत गेला, आणि मुंबईतील दुहेरी सत्ता १९२८ साली संपली. ज्यांना एकेकाळी फुटीर म्हटले होते, त्यांचे वंशज आज वांद्रे-माहीमच्या मंदिरांत सर्वांच्या मांडीला मांडी लावून बसतात.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ते काम्पोसचे आहे. ज्या बिशप कास्त्रो मायर यांनी १९८८ साली लेफेव्र यांच्या जोडीने दीक्षा दिली आणि जे १९९१ साली, लेफेव्र यांच्या पाठोपाठ महिनाभरातच वारले, त्यांचेच धर्मगुरू २००२ च्या जानेवारीत आपल्या बिशपासह रोमशी पुन्हा जोडले गेले. त्यांच्यासाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी एक स्वतंत्र प्रशासन निर्माण केले, ज्याला स्वतःचा बिशप आहे, स्वतःची मंदिरे आहेत आणि जुनी मिस्सा हीच ज्याची नित्याची मिस्सा आहे. त्यांनी परिषद मान्य केली, नव्या मिस्सेची सत्यता मान्य केली, आणि त्या बदल्यात कोणीही त्यांना त्यांची वेदी बदलायला सांगितले नाही. उपासना आणि सिद्धान्त यांची गाठ तेथे सोडवली गेली: सिद्धान्तात रोमने माघार घेतली नाही, उपासनेत काम्पोसने घेतली नाही. जे ब्राझीलच्या एका कोपऱ्यात शक्य झाले, ते एकोनशी बोलणी करताना आणि साध्या धर्मग्रामातील अर्जदारांना उत्तर देताना रोमने आपल्या समोर ठेवावे, एवढीच माझी मागणी आहे. आणि एकोननेही, धर्मस्वातंत्र्याविरुद्धचा आपला हट्ट जुन्या मिस्सेच्या आड लपवणे आता थांबवावे.